आठ बायका, एक तीळ

१२ नोव्हेंबर. खोलीचं भाडं द्यायचा दिवस. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी तळमजल्यावरच्या बँकेत गेले. दोन हजार काढायचे होते.

आमची इमारत वाकडेवाडीला. सात मजले, सगळी ऑफिसं. तिसरा आणि चौथा मजला माझ्याकडे. झाडणं, पुसणं, संडास, बेसिनं. बँकेची शाखा त्याच इमारतीत, खाली. आम्ही आठ बायका एका ठेकेदाराकडे कामाला, आणि आमची आठही खाती ठेकेदाराने त्याच बँकेत उघडून दिलेली. पगार तिथेच जमा व्हायचा.

पासबुक भरून देणारं यंत्र त्या दिवशी चालू होतं. एरवी गेलं की 'बंद आहे' हेच उत्तर. मी पासबुक भरून घेतलं आणि रांगेत उभ्या उभ्या वाचलं. पान उलटलं. पुढचं वाचलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. रोख काढणे शुल्क, एकशे सत्त्याहत्तर रुपये.

माझा नंबर आला. खिडकीतल्या मॅडम वर न बघता म्हणाल्या, "मावशी, अंगठा."

मी विचारलं, "मॅडम, हे रोख काढणे शुल्क काय आहे? पानभर तेच आहे."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पासबुकाकडे नाही, माझ्याकडे. मग शेजारच्या खिडकीकडे मान वळवून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? ही वाचते बरं का!"

शेजारचे हसले. माझ्या मागे उभा असलेला शर्ट खोचलेला माणूसही हसला.

"वाचता येतं तर अंगठा कशाला लावता? हौस म्हणून?"

मी म्हटलं, "पैसे कशाचे कापले ते सांगा."

"महिन्यातून तीन वेळा फुकट. चौथ्यापासून दर वेळी दीडशे आणि वर कर. एटीएममधून काढा, एवढे लागत नाहीत."

"मला कार्ड दिलेलं नाही."

"निरक्षर खात्याला आम्ही कार्ड देत नाही. तुम्ही निरक्षर आहात."

"मी दहावी पास आहे."

"असं? मग आमची नोंद खोटी? बँक चुकली?" त्यांनी शाईचा डबा पुढे सरकवला. "वाचनाचा तास संध्याकाळी घ्या, मावशी. आत्ता मागे लोक आहेत."

मी अंगठा लावला. हे लिहिणं भाग आहे. त्या दिवशी मी काही बाणेदार उत्तर दिलं नाही, पासबुक आपटलं नाही. घरमालक सहा वाजता येणार होता. मी अंगठा लावला, दोन हजार मोजून घेतले, आणि बोट खांबाला पुसलं.

त्या खांबाचंही सांगते. खिडकीजवळ एक पांढरा खांब आहे. शाई पुसायला बँक फडकं ठेवत नाही. म्हणून आम्ही आठजणी खांबाला बोट पुसायचो. मग बँकेतून फोन जायचा सुपरवायझर शेलारला, की तुमच्या बायका खांब घाण करतात. मग शेलार आमच्यातलीच एक पाठवायचा, बाटली आणि फडकं देऊन. त्या दिवशी दुपारी तीन वाजता त्याने मलाच पाठवलं. माझ्या अंगठ्याचा डाग मीच घासला. मॅडम समोर चहा पीत होत्या.

घासता घासता मी विचार करत होते. अपमानाचा नाही. एकशे सत्त्याहत्तरचा.

आमची पैसे काढायची रीत अशी होती. कुणीच पगार एकदम काढायची नाही. घरात रोकड ठेवली की ती राहत नाही. कुणाचा नवरा नेतो, कुणाचा दीर, कुणाच्या खोलीला कडीच धड नाही. म्हणून बँक हाच आमचा डबा. लागतील तसे दोनशे, तीनशे, पाचशे, जेवणाच्या सुट्टीत जाऊन काढायचे. आठवड्यातून दोनदा तरी. आम्हाला ते शहाणपण वाटायचं. आणि तीनशे काढणाऱ्या बाईचे बँक वरून एकशे सत्त्याहत्तर काढून घेत होती. सगळ्यांना पगार कमी हातात पडतोय हे कळत होतं. आम्ही समजायचो शेलार खाडे कापतो. त्याच्याशी आम्ही भांडलोही. तो म्हणायचा, "हजेरी बघा." हजेरी बरोबर असायची. बँकेचे संदेश मोबाइलवर येतात म्हणे. आम्हाला एकही आला नव्हता.

घरी जाऊन मी बेरीज केली. एकोणीस महिने. चौऱ्याऐंशी वेळा. चौदा हजार आठशे अडुसष्ट. माझा दीड महिन्याचा पगार.

आता अंगठ्याचं. लोक विचारतात, सही येत असून एकोणीस महिने अंगठा लावलासच कसा? विचारणं बरोबर आहे.

खाती उघडायला बँकेचा माणूस तळघरातल्या पार्किंगमध्ये आला होता. टेबल मांडलं होतं. आम्ही आठजणी ओळीने उभ्या, हातात झाडू तसेच, कारण काम मध्येच थांबवून बोलावलं होतं. पहिली हलीमाबी होती. पन्नाशी उलटलेली, खडकीतच जन्मलेली, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर राहणारी. तिला खरंच लिहिता येत नाही. तिने मान खाली घालून अंगठा दिला. मग दुसरी, मग तिसरी. चौथी मी. त्या माणसाने फॉर्मवरचं माझं आडनाव वाचलं. मग माझ्या हातातल्या झाडूकडे पाहिलं. मग शाईचा डबा पुढे केला. त्याच्या खिशाला पेन होतं.

'मला सही येते' हे तीन शब्द माझ्या तोंडात होते. मी ते गिळले.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की हलीमाबीला कमीपणा येऊ नये म्हणून गिळले. ते खोटं आहे. खरं हे की नवरा गेल्यानंतर पाच महिने मला काम नव्हतं आणि हे चौथ्या दिवसाचं काम होतं. चौथ्या दिवशी माणूस पेन मागत नाही. शिवाय मनात आलं, आधारला जसा सगळ्यांचाच अंगठा घेतात तसाच हाही असेल. पुढे बँकेत गेल्यावर शेलार म्हणाला, "ठेक्याच्या बायकांची खाती अंगठ्याचीच असतात." मी मान्य केलं. माझ्याजागी मॅडम असत्या, तर त्यांच्यापुढे कुणी डबा सरकवला असता का, हा प्रश्न मी एकोणीस महिने विचारला नाही. खांब घासताना विचारला.

नारायण पेठेत एक खोली आहे. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात तिथे ग्राहकांना सल्ला देतात, फुकट. चौथ्या मजल्यावरच्या एका ऑफिसच्या फलकावर मी त्याचा कागद पाहिला होता. पुसताना वाचला होता. आम्ही पुसताना बरंच वाचतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तिथे एक निवृत्त गृहस्थ बसतात. सत्तरीचे. मी बोलायला सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला.

"आधी कागद. कहाणी नंतर."

मी पासबुक पुढे केलं. त्यांनी तीन पानं पाहिली.

"लिहिता येतं?"

"दहावी पास आहे."

"ते नाही विचारलं. लिहिता येतं?"

"येतं."

"मग बसा. मी सांगणार नाही, तुम्ही लिहायचं. मी फक्त खोडणार."

मी चार पानं लिहिली. त्यांनी अडीच खोडली. मॅडम काय बोलल्या, कोण हसलं, सगळं खोडलं. मी म्हटलं, "अहो, हेच तर झालं माझ्याबरोबर." ते म्हणाले, "बाई, बँकेकडून हसू मागायचंय का पैसे? पैसे मागा. हसलेलं लक्षात ठेवा, कागदावर नको." मला राग आला. पण उरलेलं दीड पान वाचलं तेव्हा कळलं, आता ते कुणाला टाळता येणार नाही.

ते पत्र बँकेत दिलं. सही करून. पोच मागितली तर मॅडम म्हणाल्या, "पोच कसली, मावशी? तुम्ही काय कोर्टात जाणार आहात?" मी म्हटलं, "हो." त्यांनी शिक्का मारला, पण हसल्या नाहीत.

महिन्याभराने उत्तर आलं. इंग्रजीत, आणि खाली मराठी. खातेदार निरक्षर आहे. खाते उघडताना सर्व अटी व शुल्क खातेदारास मराठीत वाचून दाखवले व ते तिला समजले. तसा दाखला साक्षीदाराच्या सहीनिशी फॉर्मवर आहे. सबब तक्रार फेटाळण्यात येते.

वाचून दाखवलं. पार्किंगमध्ये. आठजणींचं काम पंचवीस मिनिटांत उरकलं होतं.

मग मी फॉर्मची प्रत मागितली. हलीमाबीलाही म्हटलं, तूही माग. मग बाकीच्या सहा तयार झाल्या. आठ अर्ज मी लिहिले, एकावर सही, सातांवर अंगठे. बँकेने आठही प्रती दिल्या. अडवायला हव्या होत्या त्यांनी. पण त्यांना वाटलं असेल, ह्या काय वाचणार.

रविवारी माझ्या खोलीत आठजणी बसलो. आधी मी माझा फॉर्म वाचला. निरक्षर ह्या शब्दापुढे बरोबरची खूण. साक्षीदार म्हणून शेलारची सही. मोबाइल नंबर शेलारचा. त्याखाली एक रकाना होता. अंगठ्याच्या खात्याला फसवणूक होऊ नये म्हणून खातेदाराच्या अंगावरची ओळखीची खूण लिहितात. तिथे लिहिलं होतं: डाव्या गालावर तीळ.

मी आरशात पाहिलं. माझ्या डाव्या गालावर काही नाही. उजव्यावरही नाही.

हलीमाबी म्हणाली, "माझ्यात काय लिहिलंय बघ गं."

डाव्या गालावर तीळ.

तिसरीचा वाचला. डाव्या गालावर तीळ. चौथीचा. पाचवीचा. वाचत गेले तसा खोलीत हसू फुटलं. लता, जी यवतमाळहून आली आहे, ती म्हणाली, "बाप्पा, एका बापाच्या लेकी झालो की आपण!" पोट धरून हसलो. आठ बायका, एक तीळ. आणि तो कुणाच्याच गालावर नाही.

मग हलीमाबीने आपला फॉर्म माझ्या हातातून घेतला. म्हणाली, "म्हणजे दीड वर्षात त्या खिडकीत एकदाही कुणी आपलं तोंड पाहिलं नाही."

त्यानंतर कुणी हसलं नाही.

मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील नाही. रक्कम लहान असली की तिथे शुल्क लागत नाही, आणि आपली बाजू आपल्याला मांडता येते. सात जणी म्हणाल्या, आधी तुझं होऊ दे, मग आम्ही. मी म्हटलं ठीक. पण त्यांच्या प्रती त्यांनी माझ्याकडे ठेवल्या, बँकेचं लेखी म्हणणं आलं की त्याच्या उत्तराला जोडायला. एकटीच्या फॉर्मवर चुकीचा तीळ असेल तर ती लिहिणाऱ्याची चूक. आठांवर असेल तर कुणालाच काही वाचून दाखवलं नव्हतं, कुणालाच पाहिलं नव्हतं, हे त्यातून उघड होतं. माझा सगळा दावा त्या आठ कागदांवर उभा होता.

नोटीस बँकेला पोचली ते मला कुणी सांगितलं नाही. शेलारने सांगितलं, न सांगता.

तो मला कायम 'ए बाई' म्हणायचा. "ए बाई, चौथ्यावरचं बेसिन तुंबलंय." त्या सकाळी तो म्हणाला, "ताई, जरा आज तळघर बघाल का आपण?" ताई. आपण. मला आयुष्यात बरेच लोक टाकून बोलले आहेत, त्याची सवय आहे. शेलारच्या तोंडून 'आपण' ऐकलं आणि त्या दिवसापासून मी कागदांची फाइल पिशवीत घालून सोबत ठेवायला लागले.

तळघरच माझं झालं. तिसरा-चौथा मजला दुसरीला. तळघरात खिडकी नाही. गाड्यांचा धूर आणि पाण्याच्या टाकीचा आवाज. ज्या जागी ते टेबल मांडलं होतं तिथेच मी आता रोज झाडत होते.

मग हजेरीचं यंत्र. बोट ठेवलं की हिरवा दिवा लागायचा. एका सोमवारी लाल लागला. दुसऱ्या बोटाने लाल. साबणाने हात धुऊन आले, लाल. शेलार म्हणाला, "मशीन आपलं बोट घेत नाही ताई, मी काय करू?" त्या महिन्यात माझे अकरा खाडे लागले. मी एकही दिवस घरी नव्हते.

दारावरचा रखवालदार दोन वर्षं रोज 'काय मावशी, जेवलात का' म्हणायचा. तो माझी पिशवी तपासायला लागला. फक्त माझी. एकदा पिशवीतून फाइल काढून पानं चाळली आणि पुन्हा ठेवली. कपडे बदलायच्या खोलीत माझ्या खुंटीवरची साडी दुसऱ्या खुंटीवर असायची. काही गेलेलं नसायचं. नुसतं हललेलं असायचं. बँकेच्या मॅडम जिन्यात भेटल्या की मोबाइल कानाला लावायच्या. कुणी मला एक वाईट शब्द बोललं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

बँकेचं लेखी म्हणणं आलं. माझं उत्तर द्यायची तारीख ठरली, मंगळवारची. त्याआधीच्या रविवारी दुपारी बारा वाजता शेलार माझ्या दारात उभा होता. मी तांदूळ निवडत होते.

तो आत आला, खाली बसला. पाणी मागितलं, प्यायला. मग खिशातून एक कागद काढला.

"ताई, चांगली बातमी आहे. बँक सगळे पैसे देतेय. पूर्ण. बुधवारी खात्यात जमा. साहेबांनी स्वतः लक्ष घातलंय."

मी कागद घेतला. मोठ्याने वाचला.

"मी अशिक्षित असून मला बँकेच्या नियमांची माहिती नसल्याने गैरसमजातून व इतरांच्या सांगण्यावरून ही तक्रार केली. अटी मला वाचून दाखवल्या होत्या, हे मला आता आठवते. माझी कोणतीही तक्रार नाही."

खाली एक चौकोन छापलेला. डाव्या हाताचा अंगठा.

शेलारने प्लास्टिकच्या पिशवीतून शाईचा डबा काढला आणि तांदळाच्या सुपाशेजारी ठेवला. घरून निघतानाच सोबत घेतला होता.

मी म्हटलं, "सही चालेल?"

"अंगठाच हवाय. खात्यावर अंगठा आहे ना. आपण उगाच शब्दात अडकू नका. पैसे मिळताहेत."

"आणि नाही दिला तर?"

त्याने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाला, "ठेका पुढच्या महिन्यात पुन्हा लागतोय. बायकांची यादी उद्या द्यायची आहे. ठेकेदाराचं खातं त्याच बँकेत आहे. आठ नावं आहेत यादीत, ताई. फक्त तुमचंच नाही. उद्या दहापर्यंत सांगा."

डबा त्याने तिथेच ठेवला. म्हणाला, असू दे, लागेल.

तो बाकीच्या सातजणींकडे आधीच जाऊन आला होता. हे मला चार वाजता कळलं, हलीमाबी आली तेव्हा. ती बसली नाही.

"माझा कागद दे."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"बघू नको असं. नवरा घरी बसून आहे. तू शिकलेली आहेस, तुला कुठेही मिळेल. मला ह्या वयात कोण घेतंय? तू अंगठा दे नाहीतर देऊ नको, ते तुझं तू बघ. माझा कागद दे."

मी फाइल काढली आणि तिचा कागद तिला दिला. तो तिचा होता. तिने घडी घालून कमरेला खोचला. उंबऱ्याशी थांबली, म्हणाली, "रागावू नको." मी म्हटलं, "नाही रागावले." खोटं होतं ते.

सहा वाजेपर्यंत एकेक करून सगळ्या आल्या. लता रडली. दोघींनी तर नुसता हात पुढे केला. मी कुणाशी वाद घातला नाही. सात कागद गेले. फाइलमध्ये माझा एकटीचा राहिला.

मग मी बसले आणि हिशेब केला. अंगठा दिला तर पैसे मिळणार, काम राहणार, आठहीजणींचं राहणार. हा फायदा काही लहान नाही. ज्यांनी कधी भाडं थकवलं नाही त्यांनी मला स्वाभिमानाच्या गोष्टी सांगू नयेत. पण त्या कागदावरचं वाक्य मी पुन्हा वाचलं. अटी वाचून दाखवल्या होत्या, हे मला आता आठवते. हे एकदा माझ्या अंगठ्याने सरकारी दप्तरात गेलं की ते फक्त माझ्यापुरतं राहत नाही. मग उद्या हलीमाबी आली, लता आली, पुढच्या ठेक्यातल्या आणखी आठ आल्या, तर बँक तेच पान उघडून दाखवणार. बघा, तुमच्यातलीच शिकलेली काय म्हणाली. चौदा हजार आठशे अडुसष्ट रुपयांना बँक माझी तक्रार विकत घेत नव्हती. साक्ष विकत घेत होती. खोटी.

मी बँकेचं लेखी म्हणणं काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. अकराव्या परिच्छेदात त्यांनी फुशारकीने लिहिलं होतं की सदर ठेकेदाराच्या सर्व कामगार महिलांची खाती याच पद्धतीने उघडली असून त्या सर्वांचे मूळ फॉर्म बँकेच्या ताब्यात सुरक्षित आहेत.

मी नारायण पेठेतल्या गृहस्थांना फोन केला. घडलेलं दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, "बँकेकडचे मूळ कागद आयोगाला मागवता येतात का?"

"अर्ज केला तर. आणि ते का हवेत हे पटवलं तर."

"मी लिहू का?"

"रविवारी फोन करून हे विचारता? लिहा."

लिहिलं. दोन पानं. ह्या वेळी कुणी खोडायला नव्हतं, म्हणून मीच खोडलं, एक पान उरेपर्यंत. त्यात हलीमाबीचं नाव नाही, लताचं नाही. कुणाचीच साक्ष मी मागितली नाही. एवढंच लिहिलं की बँकेने आपल्या म्हणण्याच्या अकराव्या परिच्छेदात ज्या मूळ फॉर्मांचा आधार घेतला आहे, ते सर्व बँकेनेच आयोगापुढे हजर करावेत. सात बायकांच्या दारात जाऊन कागद परत मागता येतात. बँकेला स्वतःच्याच कपाटातले कागद कुणाकडून परत मागता येणार?

ह्याने त्या सातजणींचं काम वाचेलच असं नाही. कदाचित जाईल. त्या मला शिव्या देतील. देऊ देत. मी त्यांना विचारलं नाही, आणि विचारणारही नव्हते, कारण त्या नाही म्हणाल्या असत्या आणि मला थांबावं लागलं असतं. हे बरोबर की चूक, ह्यावर मी झोप घालवली नाही. नऊला दिवा घालवला.

सोमवारी सकाळी साडेसातला मी कामावर गेले, रोजच्यासारखी. स्वतःहून गैरहजर राहिले असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. रखवालदाराने हात आडवा केला.

"यादीत नाव नाही."

"दहापर्यंत मुदत होती."

"मला सांगितलंय तेवढं मी सांगतो, मावशी."

"मग लिहून द्या."

त्याने हात खाली घेऊन मागच्यांना वाट दिली. हलीमाबी माझ्या बाजूने आत गेली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. मी हाक मारली नाही. तारीख, वेळ, तो काय बोलला, एवढं मी वहीत लिहिलं, त्याच्या समोर उभी राहून, आणि त्याला वाचून दाखवलं. मोठ्याने. सगळं. तो म्हणाला, "मला कशाला वाचून दाखवता?" मी म्हटलं, "वाचून दाखवायची पद्धत आहे."

तिथून चालत आयोगाच्या कार्यालयात गेले. दार उघडायच्या आधी पोचले, पायरीवर बसले. खिडकी उघडल्यावर अर्ज दिला. सोबत शेलारने आणलेला तो कागद जोडला, कोरा चौकोन तसाच ठेवून. कारकुनाने दोन्ही चाळले, विचारलं, "तडजोडीचं पत्र आहे का हे?"

"नाही. पुरावा आहे."

"बँकेचा वकील हरकत घेईल."

"घेऊ दे. मी येणार आहे."

"दर तारखेला?"

"मला आता काम नाही," मी म्हटलं. "दर तारखेला."

त्याने शिक्का मारला. मी माझ्या प्रतीवरही मारून घेतला, शिक्क्यावरची तारीख नीट उठली आहे का ते पाहिलं, आणि खडकीची बस पकडली. रेंजहिल्सच्या एका दवाखान्यात सफाईला बाई हवी होती. दुपारी बाराच्या आत पोचायचं होतं.